गाडीची शेपटी का हलते?
(मागच्या पाट्याचे बुश बदलण्याचा एक धडा)

मित्रांनो, ‘बुश’ म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलो, त्यामुळे मला आधी झुडूप आठवायचं. आमच्या पप्पांना अमेरिकेचे दोन माजी राष्ट्राध्यक्ष आठवतात. पण आमच्या शेजारचे काका एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेत, त्यांना एकच बुश माहीत आहे. तो म्हणजे पाट्याच्या डोळ्यातला रबराचा तुकडा. दिसायला पेढ्याएवढा, किंमत चहा-भज्यांएवढी. पण तो झिजला की चांगली चालती गाडी भंगारात काढायची वेळ येते. आमच्यावर ती आलीच होती, म्हणून हा लेख.

कशावरून सुरू झालं?

आमच्या घरी २००९ सालची मारुती ओम्नी आहे. राहुरीहून नगरला (आता अहिल्यानगर, पण तोंडात नगरच येतं) आठवड्यातून दोन तरी फेऱ्या होतात. नगर-मनमाड रस्त्याचं वर्णन मी करत नाही, ज्यांनी त्यावरून प्रवास केलाय त्यांच्या कमरेला ते माहीत आहे. त्यात उसाच्या हंगामात ट्रॉल्यांना जागा द्यायला गाडी सारखी साइडपट्टीवर उतरवावी लागते. तर अशा रस्त्यावर २०२४ च्या उन्हाळ्यात गाडी मागून ‘खट-खट’ वाजायला लागली.

जूनमध्ये एका गॅरेजमध्ये मागचे सगळे बुश बदलून घेतले. आवाज बंद झाला, सगळे खूष. पण चारच महिन्यांत तोच आवाज परत आला, आणि आता त्याच्याबरोबर गाडीची शेपटीही हलायला लागली. नवरात्रात मोहटादेवीला जाताना करंजी घाटातल्या एका वळणावर समोरून ट्रक आला. पप्पांनी ब्रेक दाबला, तर गाडीचं मागचं अंग बाजूला सरकल्यासारखं झालं. मागे आजी बसली होती. काही झालं नाही, पण घरी येईपर्यंत कोणी बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी पप्पांनी निर्णय दिला, ‘गाडी काढून टाकू.’ कारणही बरोबर होतं. डिसेंबरमध्ये नोंदणीची १५ वर्षं संपत होती. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी नव्याने करायची तर गाडी तपासून घ्यावी लागते, मग पुढची ५ वर्षं मिळतात. शेपटी हलणारी गाडी कोणत्या तोंडाने दाखवणार? आणि ओम्नीचं उत्पादन २०१९ मध्येच बंद झालंय, म्हणजे तशी नवी गाडी घेताही येणार नाही. आजीला उंच पायरीच्या गाडीत चढता येत नाही. ओम्नीचं सरकतं दार उघडलं की ती ओट्यावर बसावं तशी बसते.

मी पप्पांकडून दिवाळीच्या सुट्टीचे दोन दिवस मागून घेतले. काकांना बोलावलं. त्यांनी गाडीखाली डोकं घातलं, बॅटरी मारली आणि म्हणाले, ‘अरे बाळा, गाडीला काही झालेलं नाही. बुश नवीन आहेत, पण बसवताना मारलेत.’ बसवताना मारले म्हणजे काय, हे समजायला मला पूर्ण एक दिवस लागला. तेच आता सांगतो.

पाटा, शॅकल आणि बुश

आपण पुस्तकात ज्याला लीफ स्प्रिंग म्हणतो त्याला गॅरेजमध्ये पाटा म्हणतात. नगरकरांना पाटा नवीन नाही. १ जून १९४८ ला एसटीची पहिली बस धावली ती पुणे ते नगर, आणि त्या काळच्या बस, ट्रक सगळे पाट्यांवरच चालायचे. आजही ट्रकला आणि ट्रॉलीला पाटेच दिसतात. ओम्नीच्या मागच्या बाजूलाही तेच आहेत. आडवा कडक ॲक्सल, त्याच्या दोन बाजूंना दोन पाटे, ॲक्सल पाट्याला यू-बोल्टने बांधलेला.

पाट्याच्या मुख्य पत्त्याची दोन्ही टोकं गोल वळवलेली असतात. त्यांना डोळे म्हणतात. पुढचा डोळा गाडीच्या बॉडीला पिनेने जोडलेला असतो. मागचा डोळा मात्र थेट जोडत नाहीत, मध्ये शॅकल टाकतात. शॅकल म्हणजे झोपाळ्याच्या कड्यासारख्या दोन पट्ट्या. कारण सोपं आहे. कमानीसारखा पाटा वजनाने सरळ व्हायला लागला की त्याच्या दोन टोकांमधलं अंतर वाढतं. दोन्ही टोकं घट्ट बांधली तर पाटा दबणारच नाही. शॅकल झुलतं आणि पाट्याला लांब व्हायला जागा देतं.

आता लक्षात घ्या, या रचनेत पाटा फक्त वजन झेलत नाही. ॲक्सल गाडीखाली सरळ धरून ठेवायचं कामही तोच करतो. इंजिनने चाकं फिरवली की ॲक्सल पुढे ढकलला जातो आणि तो ढकला पाट्याच्या पुढच्या डोळ्यातून बॉडीला मिळतो. ब्रेक मारला की तोच जोर उलट दिशेने येतो. परीक्षेत आपण याला हॉचकिस ड्राइव्ह म्हणून चार मार्कांना लिहितो आणि विसरतो. पण याचा सरळ अर्थ असा, की गाडी पुढे नेणारा आणि थांबवणारा मागच्या चाकांचा सगळा जोर त्या पेढ्याएवढ्या रबरातून जातो.

तो रबर ढिला झाला तर काय होतं, एक छोटा हिशोब करून पाहू. समजा एका बाजूच्या पुढच्या बुशमध्ये ३ मिमी ढिलाई आली. दोन पाट्यांमधलं अंतर सोयीसाठी १ मीटर धरू. ब्रेक मारल्यावर एक बाजू ३ मिमी मागे गेली, म्हणजे ॲक्सल ३/१००० रेडियन, साधारण ०.१७ अंश तिरपा झाला. कोन अगदी किरकोळ वाटतो ना? पण ताशी ६० किमी म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर. या वेगात मागची चाकं दर सेकंदाला सुमारे ५ सेंमी बाजूला सरकू पाहतात. आणि ॲक्सिलरेटर दिला की ॲक्सल परत पुढे, ब्रेक मारला की परत मागे. म्हणजे पुढे पप्पा स्टिअरिंग धरून बसलेत आणि मागे बुश स्वतःचं वेगळं स्टिअरिंग चालवतोय! घाटात आम्हाला जे जाणवलं ते हेच.

बुश म्हणजे बेअरिंग नव्हे

माझी सगळ्यात मोठी चुकीची समजूत इथे होती, आणि मला वाटतं आपल्या वर्गातल्या निम्म्या लोकांची असेल. मला वाटायचं बुश म्हणजे बिजागरीसारखं काहीतरी, पिन त्यात गोल फिरते, म्हणून तेल-ग्रीस द्यायचं. बैलगाडीच्या चाकाला वंगण देतात तसं. पितळेच्या बुशला हे लागू आहे. रबराच्या बुशला नाही.

रबराच्या बुशमध्ये पिन फिरत नाही. रबर आतून पिनेला धरून बसतं आणि बाहेरून डोळ्याला. पाटा हलला की मधलं रबर पिळलं जातं आणि सोडलं की परत येतं. ओलं फडकं थोडंसं पिळून सोडावं तसं. घासणं नाही, म्हणून आवाज नाही आणि तेलही नको. व्हल्कनाइज्ड रबराचं पेटंट चार्ल्स गुडइअरला १८४४ मध्ये मिळालं, पण रबराची ही पिळण्याची सवय गाड्यांच्या सांध्यांसाठी पद्धतशीर वापरात आली ती विसाव्या शतकात. गॅरेजमध्ये ज्याला सायलेंट ब्लॉक म्हणतात तो शब्द सायलेंटब्लॉक या मूळच्या फ्रेंच व्यापारी नावावरून आला. त्यात आत एक लोखंडी नळी, बाहेर एक नळी आणि मध्ये घट्ट बसवलेलं रबर असतं. तो दुकानात प्रेसवर दाबून बसवावा लागतो. आमच्या गाडीत निघाले ते साधे, दोन अर्ध्यांचे बुश. एक अर्धा डाव्या बाजूने, एक उजव्या बाजूने डोळ्यात ढकलायचा. बाजूच्या पट्ट्यांचा नट कसला की दोन्ही अर्धे दाबले जातात, फुगतात आणि पिनेला व डोळ्याला घट्ट धरतात. रबराचा गुणच असा आहे की दाबल्यावर त्याचा आकार बदलतो, आकारमान जवळजवळ बदलत नाही.

आता मुख्य मुद्दा. ज्या क्षणी तुम्ही नट कसता, त्या क्षणी रबराची ‘शून्य’ स्थिती ठरते. त्या स्थितीत रबर पिळलेलं नसतं. गाडी जॅकवर असताना चाकं खाली लोंबत असतात आणि पाटा मोकळा, जास्त वाकलेला असतो. तेव्हाच नट कसले तर रबराचं शून्य लोंबत्या स्थितीत ठरलं. मग गाडी खाली उतरवली की वजनाने पाटा सरळ होतो, डोळा फिरतो आणि रबर कायमचं पिळलेलं राहतं. गाडी अंगणात उभी असतानासुद्धा!

आकडे धरून बघू. रबराची जाडी ५ मिमी, मधली त्रिज्या १० मिमी, आणि लोंबत्या व उभ्या स्थितीत डोळ्याचा फरक २० अंश मानू. रस्त्यावर चालताना डोळा उभ्या स्थितीच्या दोन्ही बाजूंना ८ अंश हलतो असं मानू.

नट उभ्या स्थितीत कसले तर रबराला जास्तीत जास्त ८ अंशांचा पीळ बसतो. १० मिमी त्रिज्येवर हे १.४ मिमी सरकणं झालं, भागिले ५ मिमी जाडी, म्हणजे शिअर स्ट्रेन २८ टक्के. एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला, मध्ये शून्यावर विश्रांती.

नट लोंबत्या स्थितीत कसले तर पीळ १२ ते २८ अंशांमध्ये फिरत राहतो. स्ट्रेन ४२ ते ९८ टक्के. विश्रांती कधीच नाही. रबर तेच, रस्ता तोच, गाडी तीच, फक्त नट कसण्याची वेळ चुकली. चार महिन्यांत फाटलं त्यात नवल काय?

हाच नियम नगरच्या कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये लोखंडात बघायला मिळतो. तिथे अमेरिकन बनावटीचा पॅटन रणगाडा आहे. त्याच्या पट्ट्याच्या कड्या ज्या पिनांनी जोडलेल्या असतात, त्या पिनांवर रबराचे बुश असतात. पट्टा जमिनीवर सपाट असतो आणि चाकावरून जाताना वळतो. म्हणून अशा पट्ट्याच्या कड्या सरळ रेषेत न जोडता आधीच थोड्या कोनात जोडतात, म्हणजे रबराचं शून्य सपाट आणि वळलेल्या स्थितींच्या मध्ये येतं आणि पीळ दोन्ही बाजूंना वाटला जातो. शाळेच्या सहलीत त्या रणगाड्यापुढे मी फोटो काढून घेतला होता, पण पट्ट्याकडे बघितलं नव्हतं.

बुश गेला हे कसं ओळखायचं?

१. आवाज ऐका. खड्ड्यात मागून कोरडा ‘खट’ आवाज आला आणि गिअर बदलताना किंवा ब्रेक मारतानाही तसाच एकेक ‘खट’ आला, तर बुशवर संशय घ्या. नुसती करकर असेल तर पाट्याच्या पत्त्यांमध्ये माती किंवा गंज असू शकतो. गाडी खड्ड्यानंतर तीन-चार वेळा झुलत राहिली तर शॉक ॲब्सॉर्बर गेलाय, बुश नव्हे.

२. डोळ्याने बघा. पिन डोळ्याच्या बरोबर मध्ये दिसायला हवी. एका बाजूला टेकली असेल, रबर बाहेर फुगून आलं असेल, चिरा पडल्या असतील किंवा शॅकलच्या पट्टीवर घासून चकाकी आली असेल तर बुश गेला.

३. पहार लावा. बॉडीला आधार देऊन, डोळा आणि ब्रॅकेटच्या मध्ये लहान पहार घालून हलकेच ढकला. चांगलं रबर थोडं दबतं आणि परत येतं. गेलेलं ‘टक’ करून हलतं.

४. मोजा. पुढच्या पिनेपासून ॲक्सलपर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंना टेपने मोजा. फरक दिसला तर बुशबरोबर सेंटर बोल्टही तपासा. तो तुटला तर ॲक्सल पाट्यावरच सरकतो, आणि मग बुश बदलून काही उपयोग नाही.

आता कामाला लागू

काम अवघड नाही, पण गाडीखाली शिरायचं आहे. म्हणून आधी सुरक्षितता. ओम्नीची मागची चाकं फिरतात आणि हँडब्रेकही मागच्याच चाकांवर आहे. म्हणजे मागची दोन्ही चाकं उचलली की ना गिअर गाडीला धरून ठेवतो, ना हँडब्रेक! गाडी फक्त पुढच्या चाकांवर उभी असते आणि ती मोकळी असतात. मला हे काकांनी विचारेपर्यंत सुचलं नव्हतं. त्यामुळे जमीन सपाट हवी आणि पुढच्या दोन्ही चाकांना पुढून व मागून लाकडी पाचरी किंवा मोठे दगड लावलेले हवेत. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरायचं नाही. दोन घोड्या हव्यातच. विटांचा थर चालत नाही, वीट न सांगता फुटते.

१. आदल्या रात्री नटांना आणि पिनांच्या टोकांना गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. जुने बुश जाणारच आहेत, त्यामुळे त्यांच्यावर तेल पडलं तरी हरकत नाही. नवे बसवण्याआधी मात्र सगळं पुसून कोरडं करायचं.

२. गाडी खाली असतानाच चाकांचे नट अर्धा फेरा ढिले करा. मग मागची बाजू उचला, पाट्याच्या पुढच्या ब्रॅकेटच्या अलीकडे बॉडीच्या मजबूत भागाखाली घोड्या लावा, आणि चाकं काढा. काढलेली चाकं गाडीखाली आडवी सरकवून ठेवा. घोडी सरकलीच तर गाडी चाकावर बसेल, तुमच्यावर नाही.

३. दुसरा जॅक ॲक्सलखाली लावा. शॉक ॲब्सॉर्बरचा खालचा बोल्ट काढा. यू-बोल्टला हात लावायची गरज नाही.

४. एका वेळी एकच बाजू, आणि त्या बाजूचं एकच टोक सोडायचं. आधी शॅकल. नट काढा, बाहेरची पट्टी काढा, ॲक्सलखालचा जॅक हळूहळू खाली-वर करत पिनेवरचा ताण जाईल अशी जागा शोधा. ताण गेला की पिन हाताने निघते. हातोडा मारावा लागत असेल तर समजा जॅक चुकीच्या उंचीवर आहे. पुढचं टोक जोडलेलं असल्याने ॲक्सल जागेवर राहतो. ॲक्सल खाली घेताना ब्रेकच्या रबरी नळीवर लक्ष ठेवा, ती ताणली जाता कामा नये.

५. जुने बुश स्क्रू-ड्रायव्हरने उचकटून काढा. निघत नसतील तर हॅक्सॉ ब्लेडने उभे कापा. पुष्कळ ठिकाणी गॅसने जाळून काढतात. कृपया तसं करू नका. धूर वाईट, हे एक. दुसरं, पाट्याचं पोलाद टेंपर केलेलं असतं. डोळ्याला तेवढी उष्णता दिली की टेंपर जातो आणि तोच डोळा पुढे उघडतो किंवा तडकतो. दहा मिनिटं वाचवायला पाटा घालवण्यात काही अर्थ नाही.

६. डोळा वायर ब्रशने आतून साफ करा आणि पॉलिश पेपर फिरवा. पिन व्हर्नियरने दोन-तीन ठिकाणी मोजा. आमच्या एका पिनेला नखाला लागेल एवढी खाच पडली होती. नव्या रबरात झिजलेली पिन घातली तर ढिलाई पहिल्या दिवसापासून राहते, म्हणून पिन बदललीच.

७. नवे बुश साबणाच्या पाण्यात बुडवून डोळ्यात दाबा. तेल नको, ग्रीस नको, डिझेल तर नकोच. नैसर्गिक रबर खनिज तेलात फुगतं आणि मऊ पडतं. आमचे जूनमधले बुश काढले तेव्हा बोटांना काळा चिकट राडा लागला, म्हणजे तेही झालेलं होतं. साबणाचं पाणी बसवण्यापुरतं निसरडं होतं आणि नंतर सुकून जातं.

८. पिन आणि पट्टी बसवा, नट हाताने फिरवून फक्त टेकवा. मग पुढच्या टोकाला हेच सगळं करा. इथे घाई नको, कारण गाडीचा सगळा ढकला याच टोकातून जातो. दुसऱ्या बाजूलाही असंच. एकाच बाजूचे नवे आणि दुसऱ्या बाजूचे जुने ठेवू नका.

९. आता ज्या पायरीसाठी हा लेख लिहिला ती. शॉक ॲब्सॉर्बर जोडा, चाकं लावा, घोड्या काढा, गाडी जमिनीवर उतरवा. मागची बाजू दोन-चार वेळा दाबून हेलकावे द्या, म्हणजे पाटा आपल्या नेहमीच्या जागी बसेल. आणि त्यानंतर, गाडीचं वजन चाकांवर असतानाच, पिनांचे आणि शॅकलचे नट मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कला कसा. हात पोचत नसेल तर दुसरा उपाय आहे. गाडी घोड्यांवरच ठेवून ॲक्सलखालचा जॅक इतका वर घ्या की बॉडी घोडीवरून जेमतेम उचलू पाहील. तेव्हा पाट्यावर जवळजवळ पूर्ण वजन आलेलं असतं. त्या स्थितीत नट कसा आणि मग उतरवा.

१०. दोन-तीनशे किलोमीटर चालल्यावर सगळे नट पुन्हा एकदा तपासा. चाकांचेसुद्धा.

बुश घेताना दोन गोष्टी बघा. अगदी स्वस्त रबर नखाने खरवडलं तर पावडर सुटते, ते घेऊ नका. आणि कोणी ‘पॉलियुरेथेन टाका, आयुष्यभर बघायला नको’ म्हटलं तर विचार करा. ते जास्त कडक असतं, त्यामुळे खड्ड्यांचा आवाज आणि थरथर आत जास्त येते. शिवाय बहुतेक पॉलियुरेथेन बुश पिनेवर सरकतात, म्हणजे त्यांना योग्य ते ग्रीस लागतं. घरच्या गाडीला रबर पुरे.

खड्ड्यांची प्रयोगशाळा

आपल्या नगरमध्ये डीआरडीओची व्हीआरडीई ही संस्था आहे, लष्करी आणि इतर वाहनांचं संशोधन आणि चाचण्या करणारी. तिथे मुद्दाम खडबडीत बांधलेले ट्रॅक आहेत. खराब ट्रॅकवर थोडे किलोमीटर चालवून चांगल्या रस्त्यावरच्या पुष्कळ किलोमीटरांची झीज पाहायची, ही जगभरची पद्धत आहे. मी एकदा गमतीने काकांना म्हटलं, ‘आपल्याला वेगळ्या ट्रॅकची काय गरज, आपला रोजचा रस्ताच टेस्ट ट्रॅक आहे.’ काका हसले नाहीत. म्हणाले, ‘ट्रॅकवर तपासणारा प्रत्येक नट लिहून ठेवतो. आपण कुठे लिहितो?’

तेव्हापासून आमच्या गाडीच्या कप्प्यात एक छोटी वही आहे. पहिल्या पानावर तारीख, किलोमीटरचं रीडिंग आणि ‘मागचे बुश, आठही पाय जमिनीवर असताना कसले’ असं काकांनी स्वतः लिहिलंय. आठ पाय म्हणजे चार चाकं आणि आम्ही दोघं.

शेवटी

आम्हाला दोन दिवस लागले, त्यातला एक गंजलेला नट सोडवण्यात गेला. डाव्या हाताची दोन बोटं सोलली. डिसेंबरमध्ये गाडी तपासणीत पास झाली आणि नोंदणी २०२९ पर्यंत वाढली. पण मला खरा निकाल त्याआधीच मिळाला होता. पप्पा आजीला घेऊन परत करंजी घाटातून गेले. त्याच वळणावर त्यांनी मुद्दाम थोडा ब्रेक मारला. गाडी सरळ थांबली. पप्पा काहीच बोलले नाहीत. आजी म्हणाली, ‘अगंबाई, रस्ता नवीन केला का रे?’

मित्रांनो, जूनमधल्या त्या गॅरेजला मी नावं ठेवत नाही. त्यांनी नवे बुश टाकले, नट घट्ट कसले, पैसेही वाजवी घेतले. त्यांना फक्त नट केव्हा कसायचा हे कोणी सांगितलं नव्हतं. आपल्याला तरी कोणी सांगितलं होतं? हॉचकिस ड्राइव्हची आकृती मी दोनदा काढली, दोन्ही वेळा मार्क मिळाले. पण त्या आकृतीतल्या दोन छोट्या गोलांमध्ये रबर असतं आणि त्या रबरालाही एक शून्य असतं, हे मला गाडीखाली आडवं पडल्यावर कळलं.

तुमच्या घरी जुनी गाडी असेल आणि ती मागून वाजत असेल, तर विकायच्या आधी एकदा बॅटरी घेऊन खाली डोकवा. पिन डोळ्याच्या मध्ये आहे का, तेवढं बघा. आणि गॅरेजवाल्याकडून काम करून घेत असाल तर त्याला एवढंच सांगा, ‘दादा, शेवटचा नट गाडी खाली उतरवल्यावर कसा.’